गेंदाचं बी आणि सत्तर टक्के

प्रॅक्टिकल चालू असताना मी सहसा फोन उचलत नाही. त्या दुपारी उचलला, कारण तोच अनोळखी नंबर थांबून थांबून पुन्हा वाजत होता. एस.वाय.ची मुलं सूर्यफुलाच्या खोडाचे छेद घेत होती, माझी बोटं सॅफ्रॅनिनने लाल झालेली, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. पलीकडे एक मुलगी होती. कोकणातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते म्हणाली. "मॅडम, तुम्ही संपादक मंडळावर आहात ना, म्हणून तुम्हालाच फोन केला." कुठल्या संपादक मंडळावर, ते मला कळेना. मग तिने जर्नलचं नाव सांगितलं. 'इंटरनॅशनल'ने सुरू होणारं आणि 'मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च' पोटात घेणारं ते लांबलचक नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. तिने गेल्या वर्षी तिथे पेपर दिला होता. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जाहिरात आली, पैसे भरले, तीन दिवसांत 'ॲक्सेप्टेड', आठवड्यात छापून प्रमाणपत्रासकट हजर. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे झाला नव्हता. आता तिला ते काम नीट लिहून चांगल्या ठिकाणी पाठवायचं होतं, म्हणून तिने पेपर मागे घ्यायची विनंती केली, तर त्यांनी छापायला घेतले त्याच्या दुप्पट पैसे मागे घ्यायला मागितले. मेलला उत्तर नाही, वेबसाइटवरचा फोन लागत नाही. शेवटी तिने संपादक मंडळाच्या यादीतली नावं एकेक शोधून काढली. त्यात फोन नंबर सापडला तो माझा, आमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर.

संध्याकाळी घरी आल्यावर चहाचा कप बाजूला ठेवून मी ते संस्थळ उघडलं. खरंच होते मी तिथे. माझा फोटो होता, कॉलेजच्या पानावरून उचललेला, पाच वर्षांपूर्वीचा, चष्म्याची जुनी फ्रेम. हुद्दा बरोबर, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. आजूबाजूला देशोदेशीची मंडळी; त्यातल्या किती जणांना आपण तिथे आहोत हे ठाऊक असेल, देव जाणे. जर्नलला कुठलाच विषय वर्ज्य नव्हता: अभियांत्रिकी, आयुर्वेद, ग्रंथालयशास्त्र, गृहविज्ञान, मराठी दलित कविता, कुक्कुटपालन. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचे दाखले इतर लोक किती देतात त्याचा आकडा, दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत मोजलेला. तळाशी एक दुवा होता, 'प्रकाशन नैतिकता व वाङ्मयचौर्यविरोधी धोरण'. उत्सुकतेने उघडला. मजकूर उत्तम होता, अगदी जिथल्या तिथे. लेखकाने काय करावं, परीक्षकाने काय करू नये, हितसंबंध कसे जाहीर करावेत, सगळं नीट लिहिलेलं. फक्त चौथ्या परिच्छेदात एका वेगळ्याच प्रकाशकाचं नाव होतं. वाङ्मयचौर्यविरोधी धोरण चोरताना ते बदलायचं राहून गेलं होतं.

हसू आलं, संताप आला, आणि खरं सांगायचं तर फोटोखाली 'आंतरराष्ट्रीय संपादक मंडळ' असं वाचून एक क्षणभर बरंही वाटलं. तालुक्याच्या कॉलेजात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला असं कुठेतरी नाव दिसलं की वाटतंच. या धंद्याचा पाया याच भावनेवर उभा असणार.

पोलंडमधल्या काही संशोधकांनी २०१५मध्ये एक काल्पनिक बाई तयार केल्या, ॲना ओ. शुस्ट नावाच्या. त्यांचा बायोडेटा अगदीच फुसका ठेवला, शोधनिबंध नाहीत, संपादनाचा अनुभव नाही, आणि ३६० जर्नलांना अर्ज पाठवला की मला संपादक करून घ्या. ४८ ठिकाणी बाईंची नेमणूक झाली. कुठे कुठे तर थेट मुख्य संपादक म्हणून. 'नेचर'ने २०१७मध्ये हा सगळा प्रकार छापला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर भरपूर विनोद झाले होते.

मला तर अर्जसुद्धा करावा लागला नाही.

माझा पहिला पेपर गेंदावर होता. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाणी साचलं की पांढऱ्या शर्टाच्या बटणांसारखी जी फुलं हजारोंनी उभी राहतात, ते गेंद. कासला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा एक तरी फोटो असतो. लांबून सगळे सारखे दिसतात आणि जवळून तर अधिकच सारखे. सह्याद्रीत त्याच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यांच्यात फरक करायचा तर त्या बटणातलं एक फूल सुईने सोडवून भिंगाखाली धरावं लागतं. आमच्या भागातल्या एका सड्यावर मला एक जात मिळाली होती, तिथून पूर्वी कुणी नोंदवलेली नव्हती. फुलाचे भाग मोजले, चित्रं काढली, टंकलेखन करून घेतलं, तीन प्रती पाठवल्या आणि विसरून गेले. साताठ महिन्यांनी खाकी पाकीट परत आलं. माझ्याच प्रतीवर, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात कुणीतरी, छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या परीक्षकाने, लिहिलेलं होतं. कोण, ते आजतागायत मला माहीत नाही. चित्र क्रमांक दोनमधलं मोजमाप आणि मजकुरातलं मोजमाप यांत तफावत का, असं विचारलं होतं. एका वाक्याखाली रेघ मारून 'हे तुम्ही स्वतः पाहिलंत की आधीच्या ग्रंथातून घेतलंत?' असं लिहिलं होतं. आणि शेवटी: बियांचा पृष्ठभाग पाहिल्याशिवाय या गटात नाव नक्की करू नये, बी पक्व व्हायची वाट पाहावी.

गेंदाचं बी मिलिमीटरभरही नसतं. ते तयार होतं तोवर पाऊस ओसरलेला असतो, फुलांचा बहर पाहायला आलेली गर्दी पांगलेली असते आणि सड्यावर नुसतं पिवळं पडलेलं गवत आणि वाळका चिखल. ऑक्टोबरच्या उन्हात त्या कातळावर बसून कोरडी बटणं चुरगळून कागदाच्या पुडीत बी धरायचं, वारा आला की निम्मं उडून जायचं. मग विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वेळ मिळवायची, तिथल्या ऑपरेटरची मनधरणी करायची. पडद्यावर पहिल्यांदा ते बी दिसलं तेव्हा मी बोलायचीच थांबले. धुळीच्या कणावर ओळीने मांडलेली जाळी होती आणि जाळीच्या भिंतींवरून उगवलेले बारीक काटे. पेपर छापून यायला पुढे आणखी एक वर्ष गेलं. त्या पेन्सिलवाल्या माणसाला याचे पैसे मिळाले नाहीत, नाव मिळालं नाही, त्याच्या कुठल्या फॉर्मात हे काम भरायला रकानाही नव्हता. त्याने कधी तरी रात्री, दिवा लावून, एका अनोळखी तरुण बाईचा कच्चा पेपर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला होता.

रागही आला होता त्याचा, नाही असं नाही. तो राग मोठमोठ्यांना आलेला आहे. १९३६मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वलहरींवरचा पेपर 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला आणि संपादकांनी तो परीक्षकाकडे धाडला, म्हणून स्वारी भडकली. छापण्याआधी कुणाला दाखवायला मी परवानगी दिली नव्हती, असं पत्र लिहून पेपर मागे घेतला. परीक्षकाचं म्हणणं बरोबर होतं. पुढे दुसरीकडे तो पेपर छापून आला तेव्हा त्यातला निष्कर्ष बदललेला होता. 'नेचर'सारख्या नियतकालिकातही प्रत्येक लेख बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवायचा नियम १९७३मध्ये आला. म्हणजे ही काही सनातन परंपरा नव्हे. एकमेकांचं वाचायचं, फुकट वाचायचं, एवढा एक अलिखित करार, आणि त्याच्या भरवशावर सगळी इमारत.

आमच्याकडे २०१०मध्ये एपीआय, म्हणजे प्राध्यापकांचं काम गुणांत मोजायची पद्धत, आला आणि वाचण्याच्या जागी मोजणं आलं. प्राध्यापकांनी संशोधन करावं हा हेतू चांगलाच होता. आधीची परिस्थिती काही सोन्याची नव्हती. एकदा नोकरीत चिकटला की निवृत्तीपर्यंत पिवळ्या पडलेल्या नोट्सवर तास काढणारे आम्ही सगळ्यांनीच पाहिलेत, त्यातल्या काहींनी आम्हाला शिकवलंही आहे. पण हेतू फॉर्मात उतरला की त्याचं काय होतं ते बघायचं असेल तर युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीतला गुणांचा तक्ता बघावा. विज्ञानातल्या पेपरला ८ गुण, भाषा आणि मानव्यविद्यांना १०. त्यावर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण. खाली टीप आहे: दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. मी ही टीप पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा वाचली. एका माणसाने केलेलं काम शंभर टक्के. तेच काम दोघांच्या नावावर टाकलं तर सत्तर अधिक सत्तर, एकशेचाळीस टक्के. दोघांनी आपापल्या पेपरवर एकमेकांचं नाव घातलं की दोघांच्याही खात्यात एकशेचाळीस. यात गणिताचा प्राध्यापक लागत नाही. आमच्या पंचक्रोशीत अशा जोड्या सगळ्यांना ठाऊक आहेत, अमुक सरांचं आणि तमुक मॅडमचं 'टायअप' आहे असं लोक सहज बोलून जातात, त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी लेखक कुणाला म्हणावं याचे निकष घालून दिलेत: कामात खरा वाटा हवा, लिहिण्यात किंवा तपासण्यात हात हवा, अंतिम मसुद्याला मान्यता हवी आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी हवी. चारही हवेत, चारातलं एक नव्हे. आमच्याकडे पाचवाच निकष चालतो, प्लेसमेंट, म्हणजे बढती, कुणाची जवळ आली आहे.

प्लेसमेंटच्या दिवसांतली स्टाफरूम एकदा बघण्यासारखी असते. टेबलावर फायली, पंच मशीन, टॅग, प्रत्येक पेपरची मुखपृष्ठासकट झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर 'सत्यप्रत'. तज्ज्ञ समितीचे लोक येतात, फाइल उघडतात, पानं उलटतात. बोट आयएसएसएनवर, म्हणजे जर्नलच्या नोंदणी क्रमांकावर, थांबतं, वर्षावर थांबतं, लेखकांच्या नावांवर थांबतं. मग बेरीज तपासतात. या सगळ्यात पेपरचा पहिला परिच्छेद वाचणारा माणूस माझ्या तरी बघण्यात नाही. त्यांनाही दोष किती द्यायचा? एका दिवसात इतक्या फायली, दुपारचं जेवण, परतीचा प्रवास. आणि हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे फायलीत काय लावायचं तेही सगळ्यांना माहीत.

मग याद्या आल्या. २०१७च्या सुरुवातीला युजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची भलीमोठी यादी काढली, त्यात विद्यापीठांनी सुचवलेली नावंही घेतली. पुण्याच्या भूषण पटवर्धन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विद्यापीठांनी सुचवलेल्या भागाची तपासणी केली आणि २०१८च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला: तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक जर्नलं निकृष्ट दर्जाची असावीत. आपल्याच विद्यापीठांनी, आपल्याच अभ्यास मंडळांनी, सही-शिक्क्यानिशी सुचवलेली. दोनच महिन्यांत यादीतून ४,३०५ नावं उडाली. त्याच वर्षी वाङ्मयचौर्याची नियमावली आली, दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, साठाच्या वर गेलं की सगळ्यात कडक शिक्षा. २०१९मध्ये तपासून निवडलेल्या जर्नलांची 'केअर' यादी आली, तिचं मुख्य केंद्र आमच्या पुण्यातच, सावित्रीबाई फुले विद्यापीठात. मला त्या मंडळींविषयी आदर आहे, त्यांनी एकेक जर्नल उघडून पाहण्याचं किचकट काम केलं. पण यादी आली की यादीतलं दार शोधणारे आलेच. जुन्या, प्रतिष्ठित, छापील नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब वेबसाइट काढायच्या आणि त्यावर पैसे गोळा करायचे, असा नवा उद्योग सुरू झाला. बिचारे खरे संपादक कुठल्या तरी जुन्या वाड्यात प्रुफं तपासत बसलेले, त्यांना पत्ताच नाही. २०२५च्या फेब्रुवारीत युजीसीने केअर यादीच बंद केल्याचं जाहीर केलं. आता आपापल्या संस्थेने ठरवायचं.

दहा टक्क्यांची गंमत तर वेगळीच. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर शब्दांची रांग बघतं, मग लोकांनी शब्द बदलणारं सॉफ्टवेअर शोधलं. फ्रान्समधल्या गियोम काबानाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०२१मध्ये अशा पेपरांतली विचित्र इंग्रजी वेचून काढली. त्यात 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' झालेलं होतं, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. हे पेपर 'परीक्षित' होते, चांगल्या मोठ्या प्रकाशकांच्या जर्नलांतही होते. एकाही परीक्षकाला, एकाही संपादकाला, प्रूफ वाचणाऱ्या एकाही माणसाला थांबून विचारावंसं वाटलं नाही की बाबा, हे काय लिहिलंयस? म्हणून मला 'भुरटी जर्नलं वाईट आणि थोरली चांगली' ही वाटणी फारशी पटत नाही. २०२३मध्ये जगभर मागे घेतलेल्या पेपरांची संख्या दहा हजारांवर गेली, त्यातले आठ हजारांहून जास्त एकट्या हिंदावीचे. ही कंपनी त्याच्या दोनच वर्षं आधी वायलीसारख्या जुन्याजाणत्या प्रकाशकाने जवळजवळ तीस कोटी डॉलरला विकत घेतली होती.

आपला यातला वाटा मात्र नजरेआड करता येत नाही. २०१३मध्ये 'सायन्स'च्या जॉन बोहॅनन यांनी एक मुद्दाम चुका पेरलेला खोटा पेपर ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ ठिकाणी स्वीकारला गेला. पाठवलेल्यांतली जवळपास एक तृतीयांश जर्नलं भारतातली निघाली. पेपरचा विषय काय, तर लायकेनमधून काढलेला एक रेणू कर्करोगाच्या पेशींवर कसा चालतो. लायकेन म्हणजे आपलं दगडफूल. गोडा मसाला भाजताना मी आजही त्या काळ्यापांढऱ्या चुऱ्याकडे बघून मनाशी हसते. त्या पेपरातल्या आलेखाकडे बारावीच्या मुलानेही नीट पाहिलं असतं तरी कळलं असतं की आकडे निष्कर्षाच्या उलट बोलताहेत. २०१९मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला पाच कोटी डॉलरहून अधिक दंड केला, तोही याचसाठी: परीक्षण करतो असं सांगून करायचंच नाही आणि लोकांची नावं त्यांना न विचारता संपादक म्हणून लावायची. ती बातमी तेव्हा वाचून मी पान उलटलं होतं. आता त्या दुसऱ्या मुद्द्यापाशी जरा जास्त वेळ थांबते.

आणि हे सगळं इंटरनेटमुळे झालं असं म्हणायची सोय नाही. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या विश्वजित गुप्तांचं प्रकरण टपालाच्या जमान्यातलं. हिमालयात सापडलेले म्हणून त्यांनी पंचवीस वर्षं जीवाश्मांवर शेकडो पेपर छापले. जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की हे नमुने जगात भलतीकडचेच आहेत. मोरोक्कोचे असे जीवाश्म पॅरिसच्या दुकानात विकत मिळतात, टॅलेंटना ते तिथे दिसलेही होते. गुप्तांच्या पेपरांवर सहलेखक म्हणून देशोदेशीच्या नामवंतांची नावं होती. त्यांच्यापुढे नमुना आला, त्यांनी ओळखला, नाव लागलं. तो दगड ज्या डोंगरातून काढला म्हणतात त्या डोंगरावर मात्र कुणी गेलंच नव्हतं. चौकशी झाली, ठपका आला, नोकरी गेली नाही. हिमालयाच्या भूशास्त्राच्या कागदपत्रांतून ते खोटे जीवाश्म निवडून बाहेर काढायचं काम ज्यांच्या वाट्याला आलं त्यांची मला कीव येते, दळणातले खडे निवडावेत तसं ते, आणि दळण आधीच दळून झालेलं.

आमच्या शास्त्रात याला एक सोय आहे आणि एक धोका. नव्या जातीला नाव द्यायचं तर तिचा मूळ नमुना वनस्पतिसंग्रहालयात ठेवावा लागतो आणि कुठे ठेवला ते पेपरात लिहावं लागतं. पुण्याला कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहालयात जा, लोखंडी कपाट उघडायला लावा, नॅप्थलीनच्या उग्र वासात ती चिकटवलेली वाळकी फांदी डोळ्यांनी बघा. शंका असेल तर तपासता येते. ही सोय. धोका असा की नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत पेपर कुणी परीक्षण केलेला असावा अशी अटच नाही. २०१२पासून आयएसएसएन असलेल्या ऑनलाइन प्रकाशनातली पीडीएफही चालते, लॅटिन वर्णनाचीही सक्ती गेली. बाकीच्या अटी पाळल्या की नाव ग्राह्य, आणि आधी आलेल्या नावाचा मान पहिला. म्हणजे उद्या कुणी घाईने, अर्धवट, कुक्कुटपालन आणि दलित कविता यांच्या मधल्या पानावर एखाद्या गेंदाला नाव देऊन टाकलं, तर शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकालाही त्या नावाचा हिशेब द्यावा लागणार. रद्दीचं जर्नल उद्या बंद पडेल, वेबसाइट गायब होईल, नाव मात्र चिकटून राहील.

त्या कोकणातल्या मुलीचा पेपर मी मागवून घेतला. मनाची तयारी अशी होती की टाकाऊ असणार. तसा तो नव्हता. इंग्रजी कच्चं होतं, मांडणी विस्कळीत, पण निरीक्षणं खरी होती. कातळसड्यावरच्या डबक्यांत कुठली वनस्पती कधी उगवते, कधी फुलते, पाणी आटल्यावर काय उरतं, याच्या तिने दोन पावसाळे नोंदी ठेवल्या होत्या. तारखा, पाण्याची खोली, फोटो. हे घरात बसून रचता येत नाही. तिथला तो सडा चिऱ्याच्या खाणीसाठी कधीही फुटेल म्हणाली. तासिका तत्त्वावरच्या मानधनात बसचं भाडं भागवून ती हे करत होती, मुलाखतीत 'पेपर किती?' विचारतात म्हणून घाईने तिथे छापलं होतं. तिला मी काय म्हणणार, चूक केलीस? सेट परीक्षा पास झालेली, पीएचडी चालू असलेली मुलगी, वर्षानुवर्षं 'पुढच्या वर्षी जागा निघतील' ऐकतेय.

मी तिला सांगितलं, एक पैसा देऊ नकोस. मागे घेतल्याचं मेलने लेखी कळव, त्याची प्रत जपून ठेव, आणि नव्या जर्नलच्या संपादकांना आधीच सगळं खरं सांग. तिने सांगितलं. त्यांचं उत्तर सभ्य आणि सरळ होतं: आधी छापलेला मजकूर आणि त्याच नोंदी आम्हाला पुन्हा नवीन म्हणून छापता येणार नाहीत; तुम्ही पुढच्या हंगामाच्या नोंदी जोडा, जुन्या प्रकाशनाचा उल्लेख करा, मग पाहू. नियमाने हे अगदी बरोबर आहे. एकच काम दोनदा छापायचं नाही, हा नियम मी स्वतः मुलांना शिकवते, पीएचडीच्या मुलांना प्रकाशन नैतिकतेचा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा झाला तेव्हापासून दर वर्षी शिकवते. पण ती फोनवर म्हणाली, "म्हणजे मॅडम, माझे ते दोन पावसाळे आता कायमचे त्यांचे?" मला उत्तर सुचलं नाही. ज्याने वाचलंच नाही त्याने छापलं, म्हणून जो वाचायला तयार आहे त्याला ते घेता येत नाही. नियमात खोट नाही हे दिसत असूनही मला त्या दिवशी नियमाची बाजू घ्यावीशी वाटली नाही. मी माझं नाव काढून टाका असा मेल त्या जर्नलला पाठवला होता, त्याचंही उत्तर नाही. मी अजून आंतरराष्ट्रीय संपादक आहे.

केअर यादी बंद झाल्यावर कुठलं जर्नल धरायचं ते ठरवायला आमच्या प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली, 'मॅडमना त्यातलं कळतं' म्हणून मलाही घातलं. पहिल्या बैठकीत कुणीतरी तयार तपासणी-तक्ता आणला होता. आयएसएसएन आहे का, वेबसाइट आहे का, संपादक मंडळात परराज्यातले सदस्य आहेत का, नैतिकता धोरण आहे का. मी आमच्या त्या कुक्कुटपालनवाल्या जर्नलला हा तक्ता लावून दाखवला. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण आली. मग म्हटलं, तक्ता राहू दे, पण ज्याला बढती हवी त्याने आपला सगळ्यात चांगला वाटतो तो एकच पेपर द्यावा आणि आपल्यापैकी दोघांनी तो वाचावा. थोडा वेळ पंखाच ऐकू येत होता. कॉमर्सचे सर म्हणाले, "मॅडम, मला तुमच्या वनस्पतीतलं काय कळणार?" मी म्हटलं, जिथे अडेल तिथे प्रश्न लिहा. "आणि मानधन?" नाही. यावर सगळे हसले. फिजिक्सचे सर, जे बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले की करून बघायला हरकत नाही. प्राचार्यांनी मधला मार्ग काढला: तक्ता मंजूर, वाचन ऐच्छिक.

दोघांनीच पेपर दिले. त्यातला एक कॉमर्सच्या एका तरुण सहकाऱ्याचा, साखर कारखान्यांची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायचा उसाचा किमान दर, थकते तेव्हा त्यांच्या खात्यांत काय दिसतं यावर. मला ताळेबंदातलं ओ की ठो कळत नाही. तरी वाचला, दोन संध्याकाळी घेऊन, समासात प्रश्न लिहिले. पहिल्यांदा तो चिडला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला आणि अर्धा तास समजावत राहिला, चहा गार झाला. दोन प्रश्नांवर म्हणाला की हे लिहायला हवं होतं. पान पाचवरच्या प्रश्नावर मात्र हटून बसलाय, गोदामातल्या शिल्लक साखरेचं मूल्य कुठल्या भावाने धरलं ते सगळ्यांना माहीतच असतं म्हणतो. मला माहीत नाही, असं मी म्हटलं. गुरुवारी तो दोन कारखान्यांचे वार्षिक अहवाल घेऊन येणार आहे.